कामातील जोखमीचे मूल्यांकन : प्रेसशॉप आणि लघुउद्योगांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याजवळील भोसरी व चाकण, नाशिकचे सातपूर आणि अंबड, छत्रपती संभाजीनगरचे वाळूज या औद्योगिक वसाहतींत वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य छोटे कारखाने आहेत, आणि त्यांतील पुष्कळांचा सगळा धंदा पॉवर प्रेसवर, म्हणजे दाब देऊन पत्रा कापणाऱ्या, वाकवणाऱ्या यंत्रावर चालतो. बोटे आणि पंजे गमावण्याच्या अपघातांत हे यंत्र पुन्हा पुन्हा समोर येते, म्हणून येथील बहुतेक उदाहरणे प्रेसशॉपमधील घेतली आहेत. वेल्डिंग, फाउंड्री किंवा पॅकिंग अशा इतर कामांनाही हीच पद्धत लागू पडते.

कामातील जोखमीचे मूल्यांकन म्हणजे नेमके काय?

एखादे काम सुरू होण्यापूर्वी, किंवा ते चालू असेल तर अपघात होण्यापूर्वी, त्या कामाचे टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्यावर माणसाला कशामुळे इजा होऊ शकते हे शोधायचे, ती इजा किती गंभीर असेल आणि होण्याची शक्यता किती आहे हे ठरवायचे, आणि त्यानुसार उपाय करून ते टिकतात का हे पाहत राहायचे, याला जोखमीचे मूल्यांकन म्हणतात. कारखान्यांतून त्याच्या इंग्रजी नावाच्या (हॅझार्ड आयडेंटिफिकेशन अँड रिस्क असेसमेंट) आद्याक्षरांवरून ‘हिरा’ हा शब्द रुळला आहे.

धोका आणि जोखीम हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, पण येथे त्यांच्यातील फरक कामाचा आहे. पत्र्याला आकार देणारे दोन साचे, म्हणजे वरची आणि खालची डाय, यांच्यामधील मोकळी जागा हा धोका आहे. यंत्र बंद असतानाही ती जागा तेथे असतेच. त्या जागेत हात असताना रॅम (वरची डाय घेऊन खाली-वर होणारा भाग) खाली येण्याची शक्यता आणि तसे झाल्यास होणारी हानी, या दोन्हींचा एकत्र विचार म्हणजे जोखीम. जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचे तो तुकडा, आपोआप आत जाऊन आपोआप बाहेर पडत असेल आणि जाळीमुळे हात पोहोचतच नसेल, तर प्रेसची ताकद तेवढीच राहूनही जोखीम जवळजवळ संपते.

आमच्याकडे बाराच माणसे आहेत. आम्हाला हे कायद्याने बंधनकारक आहे का?

कारखाने अधिनियम, 1948 याच्या कलम 21 मध्ये यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याची सक्ती होती. भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर 1987 मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलम 7अ आणले आणि कामगारांची सुरक्षा, आरोग्य व कल्याण यांची खातरजमा करणे हे भोगवटादाराचे, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा असलेल्या व्यक्तीचे, सर्वसाधारण कर्तव्य ठरवले. 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 लागू झाली आहे. विजेवर चालणाऱ्या जागेला ‘कारखाना’ म्हणण्यासाठी या संहितेत 20 कामगारांची मर्यादा आहे, परंतु 10 किंवा अधिक कामगार असलेली आस्थापना संहितेच्या कक्षेत येते आणि इजा होऊ शकेल अशा धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवण्याचे मालकाचे कर्तव्य तिलाही लागू होते. त्यामुळे बारा माणसांच्या शेडलाही हात झटकता येत नाहीत. नोंदणी, परवाने आणि नमुने यांची सद्यःस्थिती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या आपल्या विभागीय कार्यालयातून तपासून घ्यावी.

आठ माणसांच्या शेडविषयी विचारले, तर माझे उत्तर एवढेच आहे की प्रेस माणसे मोजून खाली येत नाही.

हे मूल्यांकन कोणी करावे?

एकट्याने करू नये. त्या यंत्रावर रोज बसणारा ऑपरेटर, डाय बसवणारा सेटर, मेंटेनन्सचा माणूस, पाळीचा सुपरवायझर आणि निर्णय घेण्याचा अधिकार असलेली एक व्यक्ती, एवढी माणसे पुरेशी आहेत. सुरक्षा अधिकारी असेल तर त्याने सूत्रे सांभाळावीत. छोट्या कारखान्यात तो नसतोच, तेव्हा मालकाने स्वतः उभे राहावे.

ऑपरेटरला यात घेतल्याने त्याचा मान राखला जातो हे खरे, पण त्याहून महत्त्वाचे कारण असे की काम प्रत्यक्षात कसे होते हे त्यालाच ठाऊक असते. कामाच्या सूचनापत्रात ‘जॉब चिमट्याने ठेवावा’ असे लिहिलेले असते, पण तेलकट पत्रा चिमट्यातून निसटतो म्हणून सगळे जण तो हातानेच ठेवतात, ही गोष्ट कार्यालयात बसून कळत नाही. असे विचारताना शिक्षेची भीती वाटू न देणे ही सुपरवायझरची जबाबदारी आहे. ‘तू नियम पाळतोस ना?’ असे विचारले तर ‘हो’ हेच उत्तर मिळेल. ‘हा जॉब अडकला की तू काय करतोस, दाखव बरं,’ असे म्हटले की खरे काम दिसू लागते.

एका कामाचे मूल्यांकन प्रत्यक्षात कसे करतात?

यंत्रापाशी उभे राहून. किमान अर्धा तास नुसते पाहावे, आणि शक्य असल्यास पाळीच्या सुरुवातीला, जेवणाच्या सुट्टीनंतर आणि रात्रपाळीच्या अखेरच्या तासात असे तीन वेळा पाहावे, कारण एकच काम या तीन वेळांत तीन तऱ्हांनी होताना आढळते.

समजा, 50 टनांच्या प्रेसवर एका ब्रॅकेटला भोक पाडण्याचे काम आहे. टप्पे साधारण असे पडतील: ट्रॉलीतून पत्र्याचा तुकडा उचलणे, तो डायमध्ये जागा ठरवणाऱ्या लोकेटरला टेकवून ठेवणे, हात बाहेर काढणे, पेडल दाबणे, तयार जॉब काढून क्रेटमध्ये टाकणे, दर काही जॉबनंतर स्क्रॅप साफ करणे, मधूनमधून डायला तेल लावणे. पहिल्या टप्प्यावर पत्र्याच्या धारेने हात कापण्याचा धोका आहे. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत डायमध्ये हात सापडण्याचा धोका आहे. क्रेट फार खाली असेल तर कमरेचा प्रश्न आहे, आणि दिवसभर चालणाऱ्या आवाजाने ऐकू येणे कमी होते ही हानी तर कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रेसजवळ उभे राहून हाताच्या अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज मोजून घेण्याची वेळ आली आहे असे समजावे.

बहुतेक तक्त्यांत येथेच चूक होते: नेहमीचे टप्पे लिहिले जातात आणि अडचणीचे टप्पे सुटतात. जॉब डायला चिकटला, स्क्रॅप अडकले, पत्रा वाकडा बसला, अशा वेळी हात सर्वांत खोल जातो आणि लक्ष जॉबवर असल्यामुळे पेडलवरच्या पायाचे भान सर्वांत कमी असते. म्हणून प्रत्येक टप्प्यासमोर ‘हे नीट झाले नाही तर माणूस काय करतो?’ हा प्रश्न लिहून त्याचे उत्तर भरावे. माझ्या अनुभवात तक्त्याचा सर्वांत उपयोगी रकाना हाच असतो, आणि तयार नमुन्यांत तो बहुधा सापडत नाही.

जोखमीचे गुण कसे द्यावेत? 5 गुणिले 5 चा तक्ता पुरेसा आहे का?

गंभीरतेला 1 ते 5 आणि शक्यतेला 1 ते 5 गुण देऊन गुणाकार करण्याची पद्धत सर्वत्र चालते, आणि कोणते काम आधी हाती घ्यावे हे ठरवण्यासाठी ती ठीक आहे. मात्र गुण म्हणजे मोजमाप नव्हे. तो अनुभवी माणसांनी केलेला अंदाज आहे. ‘आजवर येथे कोणाचे बोट गेले नाही, म्हणून शक्यता 1’ असा हिशेब पुष्कळदा केला जातो आणि तो फसवा असतो.

शक्यता ठरवताना काम किती वेळा होते ते आधी मोजावे. मिनिटाला 12 जॉब धरले तर तासाला 720, आणि सात तासांच्या प्रत्यक्ष कामात 5,040 वेळा हात डायमध्ये जातो आणि बाहेर येतो. समजा, हात आणि पाय यांचा मेळ दहा हजारांत एकदाच चुकत असेल, तरी सरासरी दोन पाळ्यांत एक चूक झाली. एवढा अचूक माणूस शोधूनही सापडणार नाही. ज्या कामात सुरक्षा केवळ हात वेळेवर बाहेर काढण्यावर अवलंबून आहे, त्या कामाची शक्यता 4 किंवा 5 च धरावी, मग मागील नोंदवही कितीही स्वच्छ असो.

आणखी एक सूचना. गंभीरतेचा गुण उपायांनंतर सहसा बदलत नाही. प्रशिक्षण दिल्याने किंवा फलक लावल्याने प्रेसखाली सापडलेल्या बोटाची इजा हलकी होत नाही. तक्त्यात ‘उपायापूर्वी 20, उपायानंतर 4’ असे दिसले आणि उपायाच्या रकान्यात ‘कामगारांना सूचना दिल्या’ एवढेच असेल, तर तो तक्ता परत पाठवावा.

प्रेसला लाइट कर्टन लावला की काम झाले ना?

लाइट कर्टन म्हणजे प्रकाशकिरणांचा पडदा; त्यात हात आला की तो यंत्र थांबवण्याचा सिग्नल देतो. तो पुरेसा आहे का, हे प्रेस कोणत्या प्रकारचा आहे यावर अवलंबून आहे, आणि हे न पाहता केलेला खर्च वाया जातो, शिवाय खोटा भरवसा निर्माण होतो. अनेक छोट्या शेडमध्ये अजूनही चावीचा क्लच असलेले जुने यांत्रिक प्रेस आहेत. या क्लचची चावी, म्हणजे लोखंडी खिट्टी, एकदा फ्लायव्हील या फिरत्या जड चाकात गुंतली की क्रँकची पूर्ण फेरी झाल्याशिवाय रॅम मध्येच थांबवता येत नाही. लाइट कर्टनने हात पाहिला आणि सिग्नल दिला तरी थांबवायला काही नसते. अशा प्रेसला डायभोवती बंद जाळी, किंवा फेरी पूर्ण होईपर्यंत उघडणार नाही असा इंटरलॉक असलेला दरवाजा, हेच खरे संरक्षण आहे. डाय बनवतानाच पत्रा जाण्यापुरती, बोट न जाणारी 6 मि.मी. पेक्षा कमी फट ठेवता आली तर फारच उत्तम.

हवेवर चालणारा फ्रिक्शन क्लच आणि ब्रेक असलेल्या प्रेसचा रॅम मध्येच थांबवता येतो, म्हणून तेथे लाइट कर्टन उपयोगी पडतो, पण तो डायपासून किती अंतरावर बसवला आहे यावर सगळे अवलंबून आहे. मानक हिशेबात हाताचा वेग सेकंदाला 2,000 मि.मी. धरतात. सिग्नल मिळाल्यापासून रॅम पूर्ण थांबेपर्यंत एकूण 0.2 सेकंद लागत असतील, तर 14 मि.मी. जाडीची वस्तूही ओळखणारा कर्टन डायपासून किमान 400 मि.मी. दूर असला पाहिजे. ब्रेकचे लायनिंग झिजून हीच वेळ 0.25 सेकंद झाली की अंतर 500 मि.मी. लागते, आणि कर्टन मात्र जुन्याच जागी राहतो. म्हणून थांबण्याचा वेळ ठरावीक काळाने मोजून नोंदवणे हा या उपायाचाच भाग आहे. स्ट्रोकसाठी, म्हणजे रॅमच्या एका खाली-वर फेरीसाठी, दोन्ही हातांनी एकदमच दाबाव्या लागणाऱ्या दोन बटणांनाही असेच अंतर लागते. एका बटणाला पट्टी बांधून किंवा खिळा अडकवून ते कायमचे दाबून ठेवलेले मी पाहिले आहे. बटण सुटल्याशिवाय पुढचा स्ट्रोक होणार नाही अशी जोडणी असती, तर ती युक्ती चालली नसती.

जुन्या प्रेसवर ‘डबल स्ट्रोक’ होतो, म्हणजे पेडल एकदाच दाबूनही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. चावी झिजणे, तिची स्प्रिंग तुटणे किंवा कमजोर होणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. ऑपरेटरने ‘आज एकदा डबल पडला’ असे सांगितले की प्रेस त्याच क्षणी बंद करून चावी व स्प्रिंग उघडून पाहावी. ‘पाळी संपू दे, मग बघू’ या वाक्याने अनेकांची बोटे गेली आहेत.

हातमोजे दिले आहेत. ते पुरेसे नाहीत का?

नाहीत. उपायांची एक उतरंड आहे: धोका मुळातूनच काढून टाकणे, कमी धोक्याची पद्धत किंवा पदार्थ वापरणे, यंत्रावर जाळी वा इंटरलॉक बसवणे, कामाची पद्धत आणि वेळ बदलणे, आणि सर्वांत शेवटी अंगावरची साधने. हातमोजा पत्र्याच्या धारेपासून वाचवतो, रॅमपासून नाही. ड्रिलिंग मशीनवर तर फिरत्या ड्रिलमध्ये मोजा गुंतून हातच आत ओढला जातो, त्यामुळे तेथे हातमोजे घालू नयेत असाच नियम ठेवावा लागतो. एका यंत्रावरचे संरक्षण दुसऱ्या यंत्रावर धोका ठरते, म्हणून ‘सर्वांना हातमोजे’ हा सरसकट आदेश मूल्यांकनाची जागा घेऊ शकत नाही.

अपघाताच्या अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे कारण लिहिणे योग्य आहे का?

ते लिहिले की तपास तेथेच संपतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रावर दुसरा माणूस बसतो. म्हणून मी या शब्दाच्या विरोधात आहे. माणूस चुकला हे खरे असू शकते, पण चूक शोधून थांबायचे नसते. ती त्या जागी, त्या वेळी का झाली आणि ती झाल्यावर हात वाचवणारे दुसरे काहीच का नव्हते, हे शोधायचे असते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक उदाहरण या विषयात नेहमी दिले जाते. अमेरिकेच्या बी-17 विमानांचे वैमानिक उतरल्यानंतर पंखांवरचे फ्लॅप मिटण्याऐवजी चाके मिटत आणि विमान पोटावर बसे. वैमानिकांना दोष देणे सोपे होते. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिले, तेव्हा दोन्हींच्या कळा सारख्याच आकाराच्या आणि शेजारी शेजारी असल्याचे आढळले. एका कळीला चाकाच्या आकाराची आणि दुसरीला पाचरीच्या आकाराची मूठ बसवल्यावर हाताला न पाहताच फरक कळू लागला. आपल्या शेडमध्ये ‘इंचिंग’ (रॅम थोडा थोडा हलवणे) आणि ‘सिंगल स्ट्रोक’ (एकच पूर्ण फेरी) यांची निवड करणारा स्विच किती खुणांनी ओळखू येतो, हे एकदा जाऊन पाहावे.

मानवी चुका किती प्रकारच्या असतात?

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी 1990 मध्ये मांडलेली वर्गवारी कारखान्यात चांगली उपयोगी पडते. पहिला प्रकार हात चुकण्याचा: करायचे ठाऊक आहे, पण हात किंवा पाय भलतीकडे जातो. दुसरा विसरण्याचा: डायचा बोल्ट आवळायचा राहतो, कारण मध्येच कोणीतरी हाक मारली. तिसरा समज चुकण्याचा: मेन स्विच बंद केला म्हणजे प्रेस सुरक्षित झाला असे वाटते, पण फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहते आणि चावी गुंतली तर एक पूर्ण स्ट्रोक होतो. चौथा प्रकार जाणूनबुजून नियम मोडण्याचा: जाळी काढून काम करणे.

उपाय प्रकारानुसार बदलतो. हात चुकणारा बहुधा अनुभवी माणूस असतो. त्याला पुन्हा वर्गात बसवून काही साधत नाही, त्याला जाळी हवी. विसरणाऱ्याला टप्प्यांची यादी आणि कामात अडथळा न येण्याची हमी हवी. समज चुकलेल्यालाच खरे प्रशिक्षण हवे, तेही यंत्र उघडून दाखवत. नियम मोडणाऱ्याला आधी विचारावे की नियम पाळला तर काम होते का? जाळी लावून तासाला 720 जॉब निघतच नसतील आणि पगार किंवा इन्सेन्टिव्ह त्या आकड्यावर ठरत असेल, तर जाळी काढायला त्या आकड्यानेच सांगितले आहे.

प्रशिक्षण देऊनही तीच चूक होते. आता काय करावे?

चूक होऊच शकणार नाही अशी कामाची रचना करावी. पुण्याच्या कारखान्यांत ‘पोका-योके’ हा जपानी शब्द गुणवत्तेच्या संदर्भात रोज कानावर पडतो, पण त्याचा उपयोग सुरक्षेसाठी मात्र क्वचितच होताना दिसतो. शिगेओ शिंगो यांनी 1961 मध्ये यामादा इलेक्ट्रिक या कारखान्यात एका छोट्या स्विचचे काम पाहिले. त्यात दोन स्प्रिंगा बसवायच्या होत्या आणि एखादी राहून जात असे. त्यांनी एवढेच सुचवले की आधी दोन्ही स्प्रिंगा एका बशीत काढून ठेवाव्यात. बशीत एक उरली तर विसर लगेच दिसतो. ही कल्पना आधी ‘मूर्खरोधक’ अशा अर्थाच्या नावाने ओळखली जाई. त्या शब्दाने एका कामगार तरुणीचा अपमान झाल्याचे लक्षात आल्यावर शिंगो यांनी ‘चूकरोधक’ असा अर्थ असलेले आजचे नाव स्वीकारले. नावातला हा बदल मला पद्धतीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

प्रेसशॉपमध्ये याची रूपे साधी असतात. वरून काही पडून पेडल दाबले जाऊ नये म्हणून त्यावर लोखंडी आच्छादन, उलटा जॉब बसूच न देणारी पिन, जाळी उघडी असताना क्लचला हवाच न मिळणे. डाय बदलताना रॅमखाली ठेवायच्या सेफ्टी ब्लॉकला साखळीने विजेचा प्लग जोडलेला असतो. ब्लॉक उचलायचा तर प्लग काढावा लागतो आणि प्लग निघाला की मोटर सुरू होत नाही.

नेहमीच्या कामांखेरीज कोणत्या कामांचे मूल्यांकन करावे?

वर्षातून एकदोनदाच होणाऱ्या कामांचे आधी करावे, कारण त्यांची कोणालाच सवय नसते.

महाराष्ट्रात मे महिन्याच्या अखेरीस पावसाळ्यापूर्वी शेडचे पत्रे बदलण्याची घाई सुरू होते. सिमेंटचा जुना पत्रा वरून भक्कम दिसतो, पण माणसाचे वजन पडताच फुटतो आणि माणूस वीस-पंचवीस फुटांवरून खालच्या यंत्रावर येतो. हे काम बहुधा रोजंदारीवर आणलेल्या माणसाकडे जाते आणि त्याला शेडची काहीच माहिती नसते. शक्य असेल तर खालून लिफ्ट लावून काम करावे. वर चढावेच लागले तर वजन पसरवणाऱ्या फळ्या, खाली जाळे आणि मजबूत जीवनदोरीला अडकवलेला पूर्ण शरीराचा पट्टा यांशिवाय कोणालाही चढू देऊ नये. छतावर चढलेल्या माणसाच्या कमरेला पट्टा असतो आणि तो कशालाच अडकवलेला नसतो, हे दृश्य नेहमीचे आहे.

सांडपाण्याची किंवा रसायनाची टाकी साफ करणे हे दुसरे काम. हवेत साधारण 20.9 टक्के प्राणवायू असतो, 19.5 टक्क्यांखाली टाकीत उतरू नये. हायड्रोजन सल्फाइड सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण प्रमाण वाढल्यावर नाकाची जाणीवच बधिर होते, त्यामुळे ‘आता वास येत नाही’ हे सुरक्षित असल्याचे लक्षण नाही. एक जण कोसळला म्हणून दुसरा धावत उतरतो आणि तोही वर येत नाही, अशी एकामागून एक माणसे गेली आहेत. मोजमाप, सतत हवा, लेखी परवाना, बाहेर उभा असलेला माणूस आणि न उतरता वर ओढण्याची सोय यांतील एक जरी नसेल, तरी टाकी तशीच राहू द्यावी.

डाय बदलणे आणि दुरुस्ती ही कामे रोजच्या आणि क्वचितच्या यांच्या मधली आहेत. सेटर आत हात घालून बसला आहे आणि पलीकडून हेल्पर बटण दाबतो, हा अपघात टाळायचा तर मेन स्विचला कुलूप लागले पाहिजे आणि त्याची चावी सेटरच्याच खिशात असली पाहिजे. दोघे काम करत असतील तर दोन कुलपे. ‘काम चालू आहे’ अशी पाटी कुलपाबरोबर असावी, कुलपाऐवजी नव्हे.

कंत्राटी आणि नवीन कामगारांसाठी वेगळे काही लागते का?

मूल्यांकन तेच, पण शक्यतेचा गुण वेगळा धरावा. पहिल्या आठवड्यात माणसाला यंत्राची चाहूल कळत नाही आणि नोकरी टिकवायची म्हणून तो काही विचारतही नाही. मराठवाडा, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेली मुले एकाच शेडमध्ये काम करतात, तेव्हा मराठी आणि हिंदी सूचनांच्या जोडीला त्या यंत्राचेच छायाचित्र लावावे आणि हात कोठे न्यायचा नाही ते त्यावर लाल रंगाने दाखवावे. ठेकेदाराचा माणूस म्हणून तो आपला नव्हे, ही भूमिका कायद्यानेही टिकत नाही आणि माणुसकीनेही नाही.

सल्लागाराने दिलेला तयार तक्ता चालेल का?

सुरुवातीची यादी म्हणून चालेल. आपल्या यंत्राचा क्रमांक, क्लचचा प्रकार आणि ऑपरेटरची सही त्यात नसेल, तर तो दुसऱ्याच शेडचा तक्ता आहे.

थोडक्यात हुकलेले अपघात नोंदवून काय मिळते?

पुढचा अपघात कोठे होणार याची आगाऊ सूचना मिळते, आणि तीही कोणाला इजा न होता. हर्बर्ट हाइनरिच यांनी 1931 मध्ये एका गंभीर इजेमागे 29 किरकोळ आणि 300 विनाइजा घटना असे प्रमाण मांडले होते. ते आकडे कोणत्याही शेडला जसेच्या तसे लावू नयेत. पुढील अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले आहेत, आणि किरकोळ खरचटणे कमी केल्याने प्रेसखालचा हात आपोआप वाचत नाही. ज्या घटनेत हात जाऊ शकला असता ती घटना वेगळी काढून तिच्यावर त्याच दिवशी काम करावे.

‘अपघाताविना इतके दिवस’ असा फलक लावून बक्षीस देण्याच्या प्रथेविषयी माझे मत चांगले नाही. बक्षीस सर्वांचे जाणार म्हणून माणूस कापलेले बोट रुमालात गुंडाळून घरी जातो. द्यायचेच असेल तर त्या महिन्यात सर्वांत उपयोगी धोका दाखवणाऱ्याला बक्षीस द्यावे.

मूल्यांकन पुन्हा केव्हा करावे?

डाय, पत्र्याची जाडी, यंत्र, पाळीची वेळ, माणसे किंवा उत्पादनाचे लक्ष्य यांपैकी काहीही बदलले की करावे. अपघात किंवा थोडक्यात हुकलेली घटना झाली की करावे. आणि काहीच बदलले नाही असे वाटत असले तरी वर्षातून एकदा करावे. लक्ष्य वाढवले की जोखीम वाढते, हे कारण यादीतून हमखास वगळले जाते.

जाळी लावली की उत्पादन घटते. ग्राहक तर तारखेवर माल मागतो. यातून मार्ग कोणता?

ही अडचण खरी आहे आणि ती झटकून टाकणे योग्य नाही. हाताने जॉब ठेवायचा आणि प्रत्येक वेळी दरवाजा बंद करायचा, तर वेळ वाढतोच. म्हणून जाळीच्या जोडीला जॉब सरकवणारी पट्टी, उतरती घसरण, हवेच्या झोताने जॉब बाहेर फेकणारी सोय किंवा कॉइलवरून थेट फीड यांचा विचार एकाच वेळी करावा. हात आत जाण्याची गरजच संपली की वेग पुष्कळदा आधीपेक्षा वाढतो. माल घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनीही पुरवठादाराचा दर ठरवताना या सोयींचा खर्च धरला पाहिजे. दर कमी करत राहायचे आणि वर्षातून एकदा सुरक्षेची तपासणी करायची, याने शेडमधील माणसाच्या हातात काही पडत नाही.

अपघातात बोटे गमावलेला कामगार परत कामावर येतो, तेव्हा काय करावे?

कर्मचारी भरपाई अधिनियम, 1923 च्या पहिल्या अनुसूचीत अंगठा गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्के आणि एका हाताची चारही बोटे गेल्यास 50 टक्के घटल्याचे धरले होते; 21 नोव्हेंबर 2025 पासून या अधिनियमाची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली आहे. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू असलेल्या कामगाराला लाभ त्या योजनेतून मिळतो. कागदपत्रांसाठी त्याला एकट्याला खेपा घालायला लावू नये. पगारपत्रक, हजेरी आणि अपघाताचा अहवाल तयार करून देणे हे कारखान्याचे काम आहे. त्याला कोणते काम द्यायचे हे डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि त्याला विचारून ठरवावे. पुन्हा त्याच प्रेसवर बसवून ‘भीती मोडू’ नये, आणि दयेपोटी फाटकावर नुसते बसवूनही ठेवू नये.

त्या प्रेसचे मूल्यांकन पुन्हा कराल त्या दिवशी, त्याची तयारी असेल तर, त्याला सोबत बोलवावे. त्या क्षणी पाय कोठे होता, जॉब कसा अडकला होता, सुपरवायझर काय म्हणाला होता, हे त्याच्याइतके नेमके कोणीच सांगू शकत नाही. तो बोलत असताना कोणीही ‘पण तू हात का घातलास?’ असे विचारू नये. त्याने सांगितलेला प्रत्येक तपशील तक्त्यात त्याच्याच शब्दांत लिहावा आणि जाळी बसवून झाल्यावर ती आधी त्याला दाखवावी.